नव्या गाडीवरचे पहिले माणूस

शीळफाट्याच्या पुलाखाली सूरजने नवी मोटारसायकल उभी केली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, उजेड मात्र दिवेलागणीचा होता. ठाण्याहून निघताना शोरूमवाल्याने हँडलला बांधलेला झेंडूचा हार मुंब्र्याच्या बायपासवरच वाऱ्याने तोडून नेला होता. गाडी उंच, दणकट, डोंगर आणि ओढे तुडवण्यासाठी घडवलेली. मागच्या सीटवरचे प्लॅस्टिकही अजून निघालेले नव्हते.

समोर कल्याणचा रस्ता गढूळ पाण्याखाली गेला होता. मोटारी आणि मालट्रक जागच्या जागी अडकून पडले होते. पुलाखाली पन्नासेक माणसे अंग चोरून उभी होती. त्यांतून एक जण पुढे आला. पन्नाशीचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात.

"भाऊ, कल्याणकडे जाताय?"

"मोहन्याला."

"मला विठ्ठलवाडीच्या स्मशानापर्यंत सोडा. माझी आई गेली सकाळी." पत्ता सांगावा तसे त्याने हे सांगितले. "मी पोपट. थोरला मुलगा मी. चाळीत पाणी शिरतंय, म्हणून तिला घरी ठेवता येईना, धाकट्यानं स्मशानात नेलंय. लोकल बंद, रिक्षावाले हात जोडतायत. ह्या पाण्यातनं गेली तर तुमचीच गाडी जाईल."

सूरजला पाण्याची धास्ती नव्हती. धास्ती होती ती आईच्या शब्दाची. हौसाबाईंनी सकाळीच बजावले होते, की गाडी सरळ दारात आणायची, आणि मी ओवाळीपर्यंत मागे कोणाला बसवायचे नाही. त्या घरात आजवर त्यांचा शब्द कोणी मोडला नव्हता. आणि इथे तर नव्या वाहनावर बसणारे पहिलेच माणूस मयताच्या घरचे, सुतकातले. उतरणार तेही स्मशानाच्या दारात.

"एक मिनिट, काका. घरी विचारतो."

त्याने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, एकदा वाजला आणि तुटला. पुलाच्या खांबाआड जाऊन, हात उंच धरून, त्याने सात-आठ वेळा प्रयत्न केला. पोपट चपला हातात घेऊन होता तिथेच उभा राहिला. तो सूरजकडे पाहत नव्हता, पाण्याकडे पाहत होता.

"एवढी पाच फुटी गाडी घेतलीस, आणि चालवायची आईला विचारून?" गर्दीतला एक रिक्षावाला म्हणाला. कोणी हसले नाही.

सूरजने फोन खिशात टाकला. "बसा, काका."

"मी चिखलाने भरलोय. प्लॅस्टिक खराब होईल."

"होऊ दे."

गाडी पाण्यात उतरली. पाणी इंजिनाला लागले, पायांवरून वाहू लागले, पण गाडी अडली नाही. वारा आडवा मारत होता. काटईजवळ एका जाहिरातीचा पत्रा रस्त्यावर फरफटत आला, तेव्हा पोपटने पहिल्यांदा सूरजचे खांदे धरले.

"धाकटा आहे तिथं," तो कानाशी म्हणाला. "पण तो थांबणार नाही. लहानपणापासून घाबरट. चार जण म्हणाले आटप, की आटपेल."

सूरजने वेग वाढवला.

स्मशानभूमीच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा पत्र्याच्या शेडखालून धूर निघत होता. ओल्या लाकडांचा तो धूर वर चढत नव्हता, पावसाने दाबून जमिनीलगत पसरत होता. धाकटा भाऊ धावत बाहेर आला.

"दादा, लाकडं भिजत होती रे. सगळे म्हणाले, आता नको थांबू. आत्ताच दिला अग्नी. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील."

पोपटने मान हलवली. मग सूरजकडे वळून त्याने चपलांसकट हात जोडले.

"तुम्ही होतात, म्हणून इथवर तरी आलो," तो म्हणाला आणि आत गेला.

मोहन्याला घराच्या दारात हौसाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. वाऱ्यात निरांजन टिकावे म्हणून त्यांनी पदराचा आडोसा केला होता. अंगणात गाडी थांबताच त्या पुढे सरकल्या.

"आई, थांब. ओवाळू नकोस. आधी ऐक."

त्याने सगळे सांगितले. एकही गोष्ट झाकली नाही. ऐकून झाल्यावर हौसाबाईंनी ताट आत पाटावर नेऊन ठेवले आणि परत उंबऱ्याशी आल्या.

"त्याला आईचं तोंड दिसलं का?"

"नाही. दहा मिनिटांनी चुकलं."

"रस्त्यात पाणी होतं म्हणून?"

"पाण्यातनं गाडी नीट आली, आई. त्याआधी पुलाखाली मी तुला फोन लावत बसलो होतो. त्याला बसवू का, ते विचारायला."

पाऊस पन्हळीतून धो धो कोसळत होता. हौसाबाईंनी पदराने कपाळ पुसले.

"आणि लागला असता, तर मी काय म्हणाले असते?"



उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. त्या आत गेल्या आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन अनवाणी अंगणात उतरल्या. सुतकाचा विटाळ धुवायला हवा होता. आभाळ फाटल्यागत कोसळणाऱ्या त्या पावसात, आधीच चाकापासून आरशापर्यंत निथळणाऱ्या गाडीवर, त्यांनी सावकाश पाणी ओतले. तांब्या कधीच रिकामा झाला होता. हौसाबाईंनी तो मागच्या सीटवर तसाच उपडा धरून ठेवला होता.