शेवटचं दार

"दातांच्या डॉक्टरांचं घर कुठे गेलं?" तिने भर दुपारी पॅसेजच्या मधोमध उभं राहून विचारलं.

सलूनवाल्याच्या हातातली वाटाण्याची शेंग खाली पडली. बायको आजारातून उठून पंधरा दिवस झाले होते. तिला चालताना अडथळा नको म्हणून त्याने सकाळीच पॅसेजमधलं स्टूल उचलून गॅलरीत ठेवलं होतं. घरात हललं होतं ते तेवढंच. डॉक्टरांचं घर त्यांच्याकडे कधीच नव्हतं. तो स्टूल परत घेऊन आला. तिने वाकून त्यावर काहीतरी ठेवल्यासारखं केलं आणि धापा टाकत पलंगाकडे गेली.

साथीतला हिवाळा होता. रस्ता रिकामा, खिडक्या बंद, दहा वाजेपर्यंत धुकं. सलूनला सरकारी कुलूप लागलं होतं. गावभर लोकांचे केस वाढत होते आणि याचे हात नुसते शिवशिवत होते. बंद दुकानात ओल धरेल म्हणून दुकानातली फिरती खुर्ची त्याने घरी आणली होती. ती मावली फक्त स्वयंपाकघरात, खिडकीपाशी. दिवसभर तो तिच्यातच बसून भाजी निवडायचा, स्वतःच स्वतःचं गिऱ्हाईक होऊन.

बायको पोस्टात होती. अठ्ठावीस वर्षं तिने दारोदार टपाल वाटलं होतं आणि तिच्या चालण्यावर लोक घड्याळ लावत. आता पलंगापासून मोरीपर्यंत गेली तरी तिला भिंत धरावी लागे.

तिची खोकल्याची उबळ थांबत नव्हती तेव्हा तिच्या साहेबांचा फोन यानेच घेतला होता. साहेब म्हणाले, एक तारखेपर्यंत बाईंना आपली बीट, म्हणजे टपालाची रोजची फेरी, चालता आली नाही तर ती कायमची दुसऱ्याला द्यावी लागेल. बाईंना आत, सॉर्टिंगच्या टेबलावर बसवू. याने खिडकीकडे तोंड करून, आवाज खाली आणून सांगितलं, "तसंच करा साहेब. जीव महत्त्वाचा." बायकोला मात्र सांगायचा धीर झाला नाही. बाहेरचं चालणं सुटलं तर ती कुंडीतल्या रोपासारखी सुकेल, हे त्याला माहीत होतं. पण सुकलेली का होईना, घरात असेल.

दुसऱ्या दिवसापासून तिचं हे सुरू झालं. बुटांच्या रॅकपासून कपाट सहा पावलांवर. पण ती आधी पॅसेजमध्ये पंधरा येरझाऱ्या घालायची, मगच कपाटापाशी थांबायची. चौदा नाही, सोळा नाही. मग म्हणायची, "आजी, गुडघा कसा आहे?" पुन्हा येरझाऱ्या, मग स्टूल. पुन्हा येरझाऱ्या, मग फ्रिज. तिथे पुटपुटायची, "तिसरा मजला. कुत्रा मोकळा आहे, खालीच ठेवा." त्याने एकदा विचारून पाहिलं. ती म्हणाली, मी कामावर आहे, मध्ये बोलू नका.

तो हादरला. ताप डोक्यात गेला म्हणायचा. त्याने लेकीला फोन लावला. लेक परगावी नर्स होती. ती म्हणाली, बाबा, आईला वार विचारा, तारीख विचारा. त्याने विचारलं. बायकोने वार सांगितला, तारीख सांगितली, आणि वर एक तारखेला बारा दिवस उरलेत हेही सांगितलं. त्याच्या जिवात जीव आला. पुढचं त्याने कानाआड केलं.

एक गोष्ट मात्र त्याला फार लागायची. ती फ्रिजपर्यंत यायची आणि तिथूनच मागे फिरायची. फ्रिजपासून स्वयंपाकघर तीन पावलांवर. कपाटाच्या गुडघ्याची रोज चौकशी व्हायची, पण खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे ती एकदाही आली नाही. ओळखच विसरली की काय, या विचाराने एकदा त्याचे डोळे भरून आले आणि त्याने कांद्याचं निमित्त केलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती पोस्टाचा कोट घालून निघाली. खांद्याला बॅग, बॅगेत रद्दी गच्च भरलेली. रॅक झाला. कपाट झालं. स्टूल झालं. फ्रिज आला तेव्हा तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तो खुर्चीतून अर्धा उठला. तिने हात वर करून त्याला खाली बसवलं आणि पॅसेजकडे वळली.

संपलं, असं त्याला वाटलं. पण पावलं थांबली नाहीत. तो मोजत राहिला. वीस फेऱ्या झाल्या, तीस झाल्या. चाळिसाव्या फेरीला ती फ्रिज ओलांडून सरळ स्वयंपाकघरात आली, बॅगेतला शेवटचा पेपर काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

अठ्ठावीस वर्षं सलूनमध्ये ती दुपारी असाच पेपर ठेवत आली होती. मग त्या खुर्चीत पाच मिनिटं टेकायची, पाणी प्यायची. त्यांचं लग्नसुद्धा त्या पाच मिनिटांतच ठरलं होतं. त्याने मांडीवरच्या पेपरकडे पाहिलं, आपल्या बुडाखालच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि तो सगळा पॅसेज त्याला गल्ली गल्ली करून दिसायला लागला.

"मला वाटलं, मला विसरलीस," तो म्हणाला.

"दोनशे अकरा दारं आहेत. तुमच्या दुकानाचं शेवटचं, तेही चढावर," ती म्हणाली. "तिथपर्यंत दम पुरत नव्हता. आज पुरला."

तो उठला. ती खुर्चीत बसली, पाय लांब केले आणि त्याने दिलेला पेला एका दमात रिकामा केला.

"आता लावा साहेबांना फोन," ती म्हणाली. "आणि या वेळी मोठ्याने बोला."