सातवा पेग

समोरच्या बारवाल्या कोटियननं दर शुक्रवारी ‘एकाच पैशात हवी तेवढी प्या’चा बोर्ड लावायला सुरुवात केली, तेव्हापासून धोंडूशेठांच्या बारमधल्या माश्यासुद्धा रस्ता ओलांडून तिकडे गेल्या. शेठ जळून कोळसा झाले. त्यांनी एक्साइजच्या साहेबांना अर्ज लिहिला: ‘हा इसम लोकांना पडेपर्यंत पाजतो. हे बेकायदा आहे.’ पुरावा हवा, म्हणून स्वतःच पडायचं ठरवून ते शुक्रवारी संध्याकाळी कोटियनकडे जाऊन बसले.

सहा पेग झाले. सातव्याला कोटियननं ग्लासावर हात ठेवला.

“बस झालं, शेठ.”

“बोर्डावर काय लिहिलंयस तू?”

“हवी तेवढी. तुम्हाला हवी होती ती कधीच संपली. आता तुम्ही माझ्यावरच्या रागानं पिताय.”

त्यानं शेठांना ताक पाजलं, रिक्षात घातलं आणि स्वतः घरी पोचवलं. शेठांच्या बायकोनं दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं.

“इतकी वर्षं बार चालवताय. तुम्ही कुणाला असं घरी आणून सोडलंत का हो कधी?”

शेठांची दारू तिथंच उतरली, जळफळाट मात्र दुप्पट झाला. सकाळी त्यांनी अर्जातलं ‘पडेपर्यंत पाजतो’ खोडलं आणि वर लिहिलं: ‘मागूनही पाजत नाही. शिवाय दुसऱ्यांच्या बायकांसमोर चांगला वागतो.’