सोमवारी सकाळी दहा वाजता

“ग्रंथालय? ते अजून आहे?” न्हाव्याने कात्री न थांबवता विचारलं.

“दहा हजार पुस्तकं आहेत,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“वाचायला वेळ कुणाला आहे, बाई!”

“तुमच्या बाकावर चार जण तासभर भिंत वाचत बसलेत की.” बाईंनी आरशाच्या कोपऱ्यात पत्रक खोचलं आणि त्या चालत्या झाल्या. सोमवारी सकाळी दहा वाजता, सार्वजनिक ग्रंथालयाच्या दारात. सभासद व्हा, पुस्तक घरी न्या, तेही फुकट.

वाचक नाहीत, तर ग्रंथालय कशाला, असं वरच्यांचं म्हणणं होतं. ते ऐकलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. त्याहून जास्त राग त्यांना स्वतःचा येई. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आणि आपण तीस वर्षं टेबलामागे मुकाट बसलो!

आता त्या दवाखान्यात गेल्या, शिंप्याकडे गेल्या, शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. गवंड्याला त्याच्या कामाचं पुस्तक कुठल्या कपाटात आहे तेही सांगितलं, तोंडपाठ. घरी सासूबाई पत्रकांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

“जरा जपून गं. साहेब चिडले तर?”

“आणखी काय वाकडं करणार आहेत ते?”

रविवारी बाईंनी सगळ्यात मोठा फलक ग्रंथालयाच्या दारावरच डकवला, कडीकुलूप पार झाकेल असा.

सोमवारी रांग कोपऱ्यावरून वळून दवाखान्यापर्यंत गेली. न्हावी दुकान बंद करून आला, मागोमाग अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. साहेबही आले. निमंत्रणात ‘आपल्या शुभहस्ते’ दिसलं की ते पुढचं वाचत नसत. एरवीही समोर आलेला कागद वाचायची त्यांना सवय नव्हती. खाली सही ठोकायची, की झालं.

“केवढे हे वाचक!” साहेब हात उंचावून गरजले. “मी आहे तोवर या दाराला कुणी कुलूप लावून दाखवावं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. न्हाव्याने शिट्टीही मारली.

“मग उघडा, साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या.

साहेबांनी ऐटीत फलक ओढून काढला. खाली लाखेची मोहर लावलेलं कुलूप होतं आणि दोन महिन्यांपूर्वीची नोटीस: ‘वाचक नसल्याने ग्रंथालय कायमचे बंद.’ त्याखाली साहेबांची ठसठशीत सही.