शेवट लिहिलेली मालिका

ही २०२२ मधली गोष्ट. अंधेरीच्या स्टुडिओत जेवणाची सुट्टी झाली, तशा सुगंधाताई निर्मात्याच्या खोलीत गेल्या. रोजच्या मालिकेत त्या सहा वर्षं आजीचं काम करत होत्या.

“श्रेयस, मला सोड. लघुमालिका मिळाली आहे.”

श्रेयस डबा खात होता. “मिनी सिरीज? सहा एपिसोड! ताई, आपले अठराशे झाले.”

“आमच्या वेळी तेरा भागांत मालिका संपायची. तिला लघु कुणी म्हणत नसे.”

“तेव्हा चॅनल एकच होतं ना! बरं, दहा दिवस घ्या. आजीला चारधामला पाठवतो.”

“चाळीस दिवस लागतील. आणि केस बारीक कापायचेत.”

श्रेयसने घास खाली ठेवला. “असं आहे काय त्यात?”

“शेवट. शूटिंगच्या आधीच लिहिलेला. मी वाचलाय. सहाव्या भागात ती बाई मरते. घरच्यांसमोर, बोलता बोलता.” ताई खुर्चीत बसल्या. “आजवर एका मालिकेत माझ्या जागी दुसरी बाई आली. एकीत मी काशीला गेले, ती आलेच नाही. एक तर मधेच बंद पडली. पोळ्या लाटत होते रे मी. अजून लाटतेच आहे.”

श्रेयस हसला, पण लगेच गंभीर झाला. “तुम्ही एकाहत्तरच्या. हे सोडलंत तर पुन्हा कोण घेणार? आणि इथे मरणाचा सीन मिळणार नाही हं. गावाहून फोन येईल, नातसून रडेल, कथा पुढे.”

ताई खुर्चीतून उठल्या.

“येऊ दे फोन,” त्या म्हणाल्या.

आजी एका मंगळवारी फोनवरच गेल्या. नातसुनेचं काम करणारी गार्गी खरंच रडली. वर्षभरात ती मालिकाही तडकाफडकी बंद झाली, तेव्हा कथेतल्या नातसुनेला सातवा महिना चालू होता. पुढे काय झालं, ते लेखकालाही माहीत नाही. गार्गी आता बोरिवलीत नाच शिकवते. श्रेयस दुसऱ्या चॅनलवर गेला. सुगंधाताई मुलुंडला घरीच असतात. त्यांना पुन्हा काम आलं नाही.

लघुमालिकेतला त्यांचा शेवटचा, मरणाचा शॉट मनोरीच्या एका घरात झाला. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला, टाळ्या झाल्या, माणसं दिवे उतरवू लागली. केशभूषा करणारी प्रेमा त्यांना उठवायला आली. ताईंनी डोळे उघडले नाहीत.

“थांब गं जरा,” त्या म्हणाल्या. “पुरतं होऊ दे.”