घरात चालणारी माणसं

आई-बाबांच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये शार्दूलने फरशीखाली ऑप्टिकल फायबर टाकून घेतली होती. त्याच्या कंपनीत ती जमिनीच्या थरथरीवरून पाइपलाइनजवळचं चोरटं खोदकाम ऐकायची. इथे एआय तिच्यावरून पावलं ओळखायचं. कोणी पडलं, तर नोएडात त्याला लगेच कळावं म्हणून.

गेला आठवडाभर मात्र फोनवर एकच ओळ येत होती : 'घरात चालणारी माणसं : एक.'

बाबांना फोन दे म्हटलं, की आई म्हणायची, "अरे, आत्ताच झोपलेत."

रविवारी तो न कळवता मेट्रोने आला आणि आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं. हॉलमध्ये आई चालत होती. तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मागे बाबा. तिचं पाऊल पडलं, की त्याच क्षणी त्यांचं.

बाबांनी दाराकडे तोंड वळवलं. "कोण आलंय गं?"

शार्दूल समोरच उभा होता.

"आम्ही सांगणार होतो रे," आई म्हणाली. "पण तू लगेच नोएडाला चला म्हणाला असतास. हे घर त्यांच्या पायांना पाठ आहे."

तो चालत त्यांच्यापाशी गेला. खिशातला फोन वाजला.

'घरात चालणारी माणसं : दोन.'