साड्यांची बाई

पूनम सागर सोसायटीच्या बागेत आम्ही बायकांनी जुन्या साड्यांची एक बाई शिवली. तीस फूट लांब, कुशीवर झोपलेली, आत चिंध्या ठासून भरलेल्या.

माझी आई गोधडीची शेवटची शिवण घालण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवायची. गोधडीला उपाशी निजवू नये, म्हणायची. ही साड्यांची बाई जिच्या डोक्यातून निघाली होती, त्या अनुष्काला मी तसं सांगितलं.

"मावशी, राहू दे ना आता. अकरा वाजता उद्घाटन आहे."

मी भाकरीशिवायच शेवटचा टाका घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाईचं पोट खपाटीला गेलेलं. एकही टाका सुटला नव्हता. मग मीच कात्रीनं पोटाची हातभर शिवण उसवली आणि नातीला म्हणाले, "संघप्रिया, इथंच बस. घरून भाकर घेऊन येते."

"आजी, लवकर ये. आतून गरम लागतंय."

उन्हात कापड तापतंच, असं म्हणून मी गेले.

दहा मिनिटांत परतले. गवतावर संघप्रियाच्या चपला होत्या. बाईचं पोट टम्म झालं होतं आणि मी उसवलेली शिवण बंद होती. टाके माझ्यासारखेच, पण गाठ बाहेरून कुठेच दिसेना.

"संघे!" मी ओरडले.

शिवणीतून बोटभर दोरा लोंबत होता. माझ्या डोळ्यांदेखत तो हळूहळू आत ओढला गेला.