लाल बटण

चालू मशीन लाल बटण दाबून थांबवलं, की साहेब कानाखाली जाळ काढायचे. म्हणून कुणाचा हात रोलरपाशी गेला, की आम्ही गुपचूप कंट्रोलरची केबल ओढायचो. मशीन थांबायचं, स्क्रीनवर ‘संपर्क तुटला’ यायचं आणि साहेब इलेक्ट्रिशियनच्या अंगावर धावून जायचे. फॉल्ट काही सापडेना, तेव्हा वैतागून त्याने केबलच पट्टी ठोकून पक्की केली.

"आता बघतो कसं थांबतंय!" म्हणत साहेब रोलरवर वाकले आणि त्यांची बाही आत ओढली गेली. मी केबलला हिसका दिला. ती जागची हलली नाही.

"बटण दाबा रे, बटण!" साहेब किंचाळले.


आम्हा सगळ्यांचे हात आधी आपापल्या गालांवर गेले.